पेवाच्या तोंडाशी ठेवलेल्या चपला

मी सांगलीत वकिली करते आणि मुळात भित्री आहे. पक्षकारांना ते कळू देत नाही एवढंच. पण त्या खटल्यात माझी पार गाळण उडाली होती.

पक्षकार नदीकाठच्या गावातला, फौजेतून निवृत्त झालेला. त्याचं नि भागीदाराचं मिळून हळदीचं पेव होतं. पेव म्हणजे जमिनीखालची खोल कोठी, तोंड अगदी अरुंद. आतली हवा इतकी वाईट की नुसतं वाकून डोकावलं तरी गरगरतं. बराच वेळ उघडं ठेवून मग उतरणारा माणूस चपला तोंडाशी काढून ठेवतो, कारण हळद म्हणजे लक्ष्मी, तिच्यावर चपला घालून पाय कोण ठेवेल? चपला दिसल्या की आत कुणीतरी आहे, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं.

त्या दिवशी वळवाचं आभाळ भरून आलं. पेव उघडं दिसलं म्हणून यानं फरशी सरकवून तोंड बंद केलं. संध्याकाळी भागीदार आत मेलेला सापडला. दोघांचं नुकतंच कडाक्याचं भांडण झालेलं, आणि पंचनाम्यात चपला पेवाच्या तोंडाशी. झालं! आत माणूस आहे हे कळूनच यानं झाकलं, म्हणून खुनाचा आरोप. मला त्याची जन्मठेप डोळ्यांपुढे दिसत होती.

"चपला न्हवत्या, वकीलबाई," एवढंच तो तुरुंगात म्हणायचा. मी चिडायचे. अरे बाबा, नव्हत्या तर आल्या कुठून, पाय फुटले त्यांना?

कोर्टात मुद्देमाल उघडला तेव्हा त्या चपला मी पहिल्यांदा जवळून पाहिल्या. एकीचा अंगठा हिसक्यानं तुटलेला. भागीदार उतरला नव्हता, डोकावताना पाय घसरून चपलांसकट आत पडला होता. मग चपला वर कुणी आणल्या? पोलीस यायच्या आधी गावकऱ्यांनी प्रेत वर काढलं, तेव्हा भागीदाराची बायको त्याच्या पायाशी बसली होती. ती सरकारी साक्षीदार, आणि माझ्या माणसाला शिक्षा व्हावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेली. उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न उलटतपासणीत विचारू नये, हे मीच ज्युनिअरना दरडावून सांगते. ती 'चपला वरच होत्या' म्हणाली असती तर माझा माणूस जन्मभर आत गेला असता. तरी मी उठले आणि नवऱ्याच्या पायातल्या चपला कुणी काढल्या, असं तिला विचारलं.

"म्याच," ती म्हणाली. "चपला घालून कसं निजवायचं त्यास्नी? काढून बाजूला ठिवल्या."

आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. तरी तिनं शब्द फिरवला नाही. यानंच ढकललं असं म्हणायचीही सरकारी पक्षाला सोय नव्हती, कारण यानं येऊन थेट फरशी सरकवली, असं त्यांच्याच साक्षीदारानं आधी सांगितलं होतं. माझा माणूस सुटला.

निकालाच्या दिवशी ती कोर्टाच्या पायऱ्यांवर थांबली होती. त्यानं हात जोडले. तिनं ते पाहिलेच नाहीत.

"दादा, तुमी फरशी लावली तवा ह्यांच्यात जीव हुता का?"

तो माझ्याकडे बघू लागला. शवविच्छेदन करणाऱ्या मिरजेच्या डॉक्टरांनी मृत्यूची नक्की वेळ सांगता येत नाही असं लिहिलं होतं, ते मला पाठ होतं.

"नव्हता," मी म्हणाले.

ती पदर सावरून निघून गेली. त्याला गावी सोडायला गाडीत बसल्यावर त्यानं हळूच विचारलं, मी तिला खरं सांगितलं का. गाव येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले.