विहिरींची वही

चार विद्यापीठांनी मिळून एकच ऑनलाइन ग्रंथालय काढायचं ठरवलं आणि आमच्या जुन्नरच्या कॉलेजकडे जुने प्रबंध, हस्तलिखितं मागितली, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मी तिथली ग्रंथपाल. या कामासाठी पुण्याहून येणारे सर फार गोड बोलायचे, आणि गोड बोलणाऱ्याचा मला आधी संशय येतो. साहित्य आमचं घेणार आणि वर नाव स्वतःचं लावणार, दुसरं काय!

सगळ्यात जास्त जीव अडकला होता एका वहीत. महाळुंगे पडवळच्या एका आजोबांनी ती माझ्या भरवशावर दिली होती. बौद्ध झाल्यावर त्यांचे वडील लिहायला शिकले, आणि पंचक्रोशीतल्या कुठल्या विहिरीवर आपल्याला पाणी भरू देतात, कुठल्या नाही, हे त्यांनी पेन्सिलीनं लिहून ठेवलं. आजोबांची अट एकच होती.

"बापाचं नाव वर पायजे, ताई. त्याचं नाव कशावरच न्हाई."

मी शब्द दिला. मग काय, डोळ्यांत तेल घालून बसले. स्कॅनिंगला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही, नोंदीचे फॉर्मही एकटीनं भरले. सर म्हणाले, आमची माणसं भरतील की. म्हटलं, राहू द्या.

महिन्याभरानं आजोबांचा फोन. पुण्यात शिकणाऱ्या नातीनं ऑनलाइन वही शोधली, तर तिच्यावर भलत्याच माणसाचं नाव! माझं डोकंच फिरलं. सरांना फोन लावून वाट्टेल ते बोलले. त्यांनी मीच भरलेला फॉर्म मला पाठवला.

लेखकाच्या रकान्यात आमच्या प्राचार्यांचं नाव होतं. आमच्या कॉलेजातून निमंत्रणपत्रिका जावो नाहीतर अहवाल, पहिलं नाव प्राचार्यांचंच. वीस वर्षं हात तसाच वळत आलेला. मी प्रत्येक फॉर्मवर तेच लिहून ठेवलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सगळे फॉर्म दुरुस्त करून घेतले आणि आजोबांना बोलावलं. चूक माझीच होती, हे सांगून टाकलं. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवून बापाचं नाव दोनदा वाचलं. रागावले नाहीत. व्हतंय असं, एवढंच म्हणाले.

मग म्हणाले, "आता वही द्या."

मी कपाटातून काढून दिली. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून, बोटाला थुंकी लावत, त्यांनी एकेक पान मोजून घेतलं.