वांग्याच्या गाड्यावर दिलेली परीक्षा

सोलापूरच्या सात रस्ता चौकात मला लोकांनी मारलं, कारण माझा अभिनय त्यांना पटला. अजून आठवलं की मुठी वळतात माझ्या.

सोलापुरात हौशी नाटकं करता करता केस पिकायला लागले, तेव्हा कुठं एका हिंदी सिनेमात काम मिळालं. बांगलादेशातून आलेल्या बाईचं. दिग्दर्शकानं मुंबईहून फोनवर बजावलं, "मॅडम, बोली पक्की पाहिजे. अनोळखी माणसाला शंका आली नाही, तरच तुम्ही पास. नाहीतर दुसरी बघतो." दुसरी बघतो म्हणे! जन्मभर वाट बघून मिळालेलं काम, असं कसं सोडीन?

शुक्रवार पेठेत आमच्या घरामागच्या खोलीत एक बंगाली कुटुंब भाड्यानं राहतं. नवरा सराफाकडं दागिने घडवतो. माणसं आपल्याच देशातली, पण गाव सरहद्दीला लागून, आणि नदीच्या दोन्ही काठांना बोली एकच. त्याच्या बायकोला मी मास्तरीण केलं. ती बोलायची आणि मी तिच्या ओठांकडं बघत बसायची. माझे ओठ गोल व्हावेत म्हणून ती माझे गाल चिमटीत धरायची आणि चुकले की पोट धरून हसायची. मी लई चिडायची.

एका सकाळी मी तिचीच साडी नेसले, पदर तिच्यासारखा घेतला, आणि तिला सोबत घेऊन परीक्षा द्यायला सात रस्त्याला गेले. भाजीच्या गाड्यावर म्हटलं, "दादा, बेगुन कैसा दिया? भालो देखके देना, जोल्दी." गाडीवाल्यानं काही ओळखलं नाही. मी हुरळले. घासाघीस करताना इतकी रंगात आले, की त्यानं "गाव कुठलं?" विचारलं तेव्हा सिनेमातलंच गाव सांगून टाकलं, नदीपलीकडचं, बांगलादेशातलं.

त्यानं हातातली वांगी खाली टाकली. "बांगलादेशी हायत बे ह्या!" म्हणून बोंब ठोकली. बघता बघता माणसं जमली. एकानं आधार कार्ड मागितलं. ते घरी कपाटात. दुसऱ्यानं दंड आवळला. आणि मी खुळी, अजून भूमिकेतच. "छोडो हामको!" म्हणाले.

खाडकन थोबाडीत बसली. कानात नुसता सूं आवाज, तोंडात खारट चव. मागून कुणीतरी पाठीत गुद्दा घातला. मान वर करते तर माझ्या मास्तरणीचे केस एकाच्या मुठीत. त्यानं तिला गाड्याच्या लोखंडी कडेवर आपटलं, ओठ फुटला, हनुवटीवरून रक्त ओघळलं. माझ्या बापाच्या वयाचा एक म्हातारा हातात चप्पल घेऊन आपला नंबर यायची वाट बघत होता.

मग मात्र माझं टाळकं फिरलं. "का बे मुडद्यांनो! हितं जन्मले मी! बाप हितल्या गिरणीत राबून मेला माझा! सिनेमासाठी बोलत हुते! पुन्ना हात लावला तर तंगडं मोडून हातात देते, सोड की!" गाड्यावरचं किलोचं वजन उचललं आणि समोरच्याच्या छातीवर हाणलं. तो मटकन खाली बसला. आता हे मला फाडून खातात असं वाटलं, तर सगळे हसायला लागले. "आयला, ताई, आदी सांगायचं की! लई भारी करता तुमी!" एकानं तर फोटोसाठी मोबाइल काढला. मला मारणारा हात तोच होता.

पण तिचे केस धरणाऱ्यानं ते अजून सोडले नव्हते. "आन् ही?"

"ही पण नटीच हाय," मी ओरडले.

"मग बोलू दे की मराठीत."

तिचं मराठी दुकानापुरतं, तेही 'नको'चं 'नोको' होणारं. तोंड उघडलं की तिचा खिमा करणार हे. मी मध्ये घुसले तर दोघांनी मला मागं ओढलं, तेही अगदी प्रेमानं, "ताई, तुमी थांबा" म्हणत. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. फुटलेला ओठ चाटला आणि ओरडली, "का बे मुडद्या! तंगडं मोडून हातात देते, सोड की!"

डिट्टो माझा ठसका, माझाच ताल. मी आत्ता ओरडले होते तस्संच. एकाही उच्चाराची चूक नाही. पोरांनी टाळ्या पिटल्या. त्या माणसानं केस सोडले आणि वर तिच्या खांद्यावर थोपटलं. कीड पडो त्या हाताला!

शूटिंगला पहिल्याच टेकला दिग्दर्शक खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागला. मला मात्र तिथंच भडभडून आलं. त्याला वाटलं, आनंदानं रडतीये.

ती अजून आमच्या मागच्या खोलीतच राहते. शिकवणी बंद झाली, त्या दिवसाचा विषयही ती काढू देत नाही. तिच्या पोरीनं बंगालीत "मा" म्हणून हाक मारली, की आधी उठून खिडकी लावते, मग ओ देते.