वापीची बस आणि आमचं भात

माझा नवरा प्रवासी बोटींवर एसीचं काम बघतो. त्या वर्षी कंपनीनं घरच्यांना सोबत ठेवायची परवानगी दिली. पाम गावातल्या घरात सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, एकटं कसं ठेवायचं, म्हणून मी आणि ते दोघंही गेलो. पावसाळा सरताना एका बोटीवर, मग नवऱ्याची बदली झाली तशी दुसरीवर. दिवाळीही तिथंच झाली. मी बोईसरला भाड्याच्या खोलीत वाढलेली, त्यामुळं रोज कुणीतरी आपलं अंथरूण आवरतं आणि टॉवेलचा हंस करून ठेवतं, हे मला फार आवडलं. बाबांना नाही. ते रोज त्या हंसाला उलगडून, झटकून, सरळ घडी घालून ठेवत.

बोट मुंबईहून निघायची आणि गोवा, कोची करून आठवड्यानं परत यायची. परतीच्या दिवसाला तिथं टर्नअराउंड म्हणतात. सकाळी जुने प्रवासी उतरणार, दुपारी नवे चढणार, आणि मधल्या वेळात अख्खी बोट घासूनपुसून लख्ख. आमच्यासारख्या मुक्कामी लोकांनाही तेवढा वेळ धक्क्यावरच्या हॉलमध्ये जाऊन बसावं लागे. नवऱ्याला तर त्या दिवशी जेवायलाही सवड नसे.

नोव्हेंबरातल्या अशाच एका दिवशी उठून बघते तर बाहेर मुसळधार पाऊस. बाबा खिडकीशी उभे होते. पामला आमचं भात शेजारच्या काकांनी ठरल्याप्रमाणं कापून शेतात वाळत टाकलेलं असणार.

"भात खाली पडलंय गो," एवढंच म्हणाले.

फोन करून विचारावं, तर शेजारच्या काकांचा नंबर बाबांच्या फोनात. आणि समुद्रात रेंज नसते म्हणून बाबांनी पहिल्याच आठवड्यात फोन खोलीतल्या तिजोरीत ठेवला होता आणि तिचा आकडा विसरले होते. बोटीवरचा माणूस येऊन एका मिनिटात उघडून देईल, असं मी कितीदा सांगितलं. पण त्याला ते बोलावू देत नव्हते. आठवेल म्हणायचे.

हॉलमध्ये त्या दिवशी सगळंच ओलं होतं. माणसं, बॅगा, फरशी. मी चहा आणायला गेले आणि परत आले तर बाबांची खुर्ची रिकामी. बाथरूमला गेले असतील, असं वाटलं. मग मुक्कामी लोकांची मोजणी करणारी मुलगी आली. एक माणूस कमी. तिनं पुन्हा मोजलं, पुन्हा कमी. आम्ही मुक्कामी वर गेल्याशिवाय नव्यांना सोडत नसत, त्यामुळं बाहेर भिजत उभी असलेली रांग काचेतून माझ्याकडं बघायला लागली. बाबांच्या नावाचा इंग्रजीतून असा काही पुकारा झाला, की ते तिथं असते तरी त्यांना कळलं नसतं.

तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. एका बाईंचा आवाज होता. "बेन, पप्पा हमारी बस में हैं. चिंता मत करो, ढोकला खा रहे हैं."

वापीच्या सेवानिवृत्त मंडळींचा एक गट आठवडाभर आमच्याबरोबर बोटीवर होता आणि बाबा त्यांच्यात रोज पत्ते खेळत. त्यांची बस धक्क्यावरून निघताना बाबाही चढले होते. बाबांच्या गळ्यातल्या बोटीच्या कार्डामागं मी लिहून ठेवलेला माझा नंबर बघून बाईंनी फोन लावला होता. बाबा फोनवर आले आणि शांतपणे म्हणाले, "ही बस आपल्या पामला वळायच्या चिल्हार फाट्यावरनंच जाते. भात उचलतो नि बोट सुटायच्या आत येतो."

मी फाटकापाशी नवऱ्याला बोलावून घेतलं. हाताला काळं लागलेलं, तसाच धावत आला. सगळं ऐकून आधी हसला. मग बोट संध्याकाळी सुटणार हे त्याच्या लक्षात आलं आणि हसू थांबलं. त्याला तर निघता येत नव्हतं. "तूच जा," तो म्हणाला. "घराची किल्ली तुझ्याकडंच आहे."

ठरवलेली गाडी हायवेवर मुंगीच्या पावलानं जात होती. मनोरच्या अलीकडं त्याच बाईंचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाजात घाई होती. "बेन, चाबी किसके पास है?"

झालं होतं असं, की वाटेत बसमधल्या सगळ्यांना बाथरूमची निकड लागली. धाब्यावरची बघून सगळे माघारी वळले. तेव्हा बाबा म्हणाले, माझं घर फाट्यापासून पंधरा मिनिटं आत, दोन बाथरूम हायत, चहाबी मिळेल. पंधरा मिनिटं हे बाबांच्या तरुणपणच्या रस्त्याचं गणित होतं. बस कारखान्यांच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांतून हेलकावे खात, शिफ्टच्या बसगाड्यांमागं रखडत कशीबशी पामला पोचली, आणि घराला कुलूप.

मी पोचले तेव्हा गल्ली बसनं पुरती अडवली होती. पडवीत बोटीच्या टोप्या घातलेली वापीकर मंडळी दाटीवाटीनं उभी होती. शेजारच्या काकींनी आपलं घर उघडून दिलं होतं आणि आणखी दोन घरी निरोप धाडला होता. तिन्ही दारांशी छत्र्यांच्या रांगा लागल्या होत्या. बाबा पडवीच्या कडेला मान खाली घालून बसले होते.

शेतात काडीही नव्हती. शेजारच्या काकांनी आदल्या दिवशीच आभाळ बघून भात उचललं होतं. भारे त्यांच्या गोठ्यात कोरडे, वर ताडपत्री.

"कळवनार होतो," काका म्हणाले. "तुमचा फोनच लागत नाय."

 मी कुलूप काढलं, काकींकडून दूध आणून भलं मोठं पातेलं चुलीवर चढवलं. चहा झाल्यावर वापीच्या बाई म्हणाल्या, एवढं आलोय तर ज्याच्यासाठी आलो ते भात तरी दाखवा. मग सगळी वरात छत्र्या घेऊन गोठ्यात गेली. भाऱ्यांबरोबर फोटो निघाले. एका काकांनी लोंबी कानाशी हलवून बघितली, का ते कळलं नाही. तोवर बाबांना वाचा फुटली होती आणि ते दाणा कसा भरतो ते सांगायला लागले होते. जाताना प्रत्येकाच्या हातात आमच्या परसातल्या चिकूंची पिशवी होती.

अंधार पडायच्या आत बोट आम्हाला सोडून सुटली. नवऱ्यानं डेकवरून फोन करून मला भोंगा ऐकवला. त्या आठवड्यात भात झोडून झालं आणि पुढच्या टर्नअराउंडला आम्ही दोघं परत धक्क्यावर हजर झालो. बाबांनी नव्या तांदळाची पिशवी घेतली होती. तपासणीत ती उघडावी लागली. शिपायानं वाकून वास घेतला आणि कुठला तांदूळ म्हणून विचारलं. बाबा खुर्ची ओढून बसले आणि सांगायला लागले. मागं रांग वाढत होती आणि मी छताकडं बघत उभी होते.