डब्बा सापडला का?

त्या पडक्या गढीवर आम्ही चौघं रविवारमागून रविवार गेलो. शोधायचा होता एकच डब्बा, पण किस्से इतके गोळा झाले की आजही कोणी विषय काढला तर काउंटरवर गिऱ्हाईक ताटकळतं आणि मी सांगत बसतो! वर्ध्यात माझं मेडिकल स्टोअर आहे.

ही दोन हजार चार-पाचची गोष्ट. रामटेके सर भूगोलाचे मास्तर, नुकतेच रिटायर झालेले. त्यांचा अमोल अमेरिकेत. त्याचा फोन यायचा दिवाळीला आणि चौदा एप्रिलला, बस. एकदा तो सुट्टीवर आला ते जीपीएसचं यंत्र घेऊनच. जाताना म्हणाला, "बाबा, तिकडं हा खेळ आहे, जिओकॅशिंग. मी एक डब्बा लपवलाय. आकडे यंत्रात टाका, बाण दाखवेल तिकडं जा. सापडला की आतल्या वहीत सही करा, तारीख टाका आणि डब्बा जागेवर ठेवा." आणि गेला विमानात बसून.

डब्बा होता हिंगणीकडच्या एका गढीत. सर म्हणायचे, ही गोंडांच्या काळातली. गावकरी म्हणायचे, पांडवांची. आमचा मधू म्हणाला, "कोनाचीबी असो, पडली तं हाय!" मधूचं कापडाचं दुकान. याच्या तोंडात तीळ भिजत नाही. चौथ्या सुनंदाताई, सेवाग्रामला नर्स.

*

पहिल्याच रविवारी गढीच्या दरवाज्यात शेळ्या चारणारे एक बुवा भेटले.

"काय पाहून राह्यले जी?"

"डब्बा!" मधू म्हणाला. आमच्याकडं पाण्याचा डब्बा घेऊन रानात जाण्याला डब्ब्याले जाणं म्हणतात, हे विसरला.

"अन् हे हातात काय हाय?"

"हे सॅटेलाइटवरून जागा दाखवते."

बुवा जरा विचारात पडले. मग म्हणाले, "डब्ब्याले सॅटेलाइट कायले लागते बाप्पा? बसा ना कोन्त्याबी झुडपामांगं!"

सुनंदाताई हसून हसून खालीच बसल्या. आमचं हसणं थांबेपर्यंत सर एकटेच बुरुजामागून फिरून आले. शर्टाला माती लागली होती. "तिकडं काही नाई," म्हणाले.

*

त्याच दिवशी संध्याकाळी सातला आम्ही सरांकडं चहा पीत होतो, तर फोन वाजला. अमोल! काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, घाईघाईनं स्पीकर लावला.

"बाबा, सापडला का?"

"नाई रे."

"बरं, हिंट देतो. दगडाखाली आहे."

"अरे, सारी गढी दगडाचीच हाय!" सर म्हणाले.

इकडं आम्ही हसलो, तिकडं तोही हसला. चांगला वीस मिनिटं बोलला, आईच्या गुडघ्याचंही विचारलं. मग दर रविवारी सातला त्याचा फोन ठरलेलाच. काकू साडेसहापासून फोनजवळ खुर्ची ओढून बसायच्या.

*

तिसऱ्या रविवारी सरांनी आकडे नव्यानं टाकले, आणि बाणानं आम्हाला थेट एका गोठ्यात नेलं. म्हैस उठायला तयार नाही. मधू तिच्या पोटाखाली हात घालून चाचपू लागला, तशी आतून बाई ओरडली, "दूध काढून झालं, भाऊ! उद्या येजा!"

सर म्हणाले, "मिनिटाचे दशांश मी सेकंद धरले वाटते." तीस वर्षं अक्षांश-रेखांश शिकवलेला माणूस हा! माझी पँट शेणानं भरली होती. मला रागच आला.

*

पुढं गावात बोभाटा झाला की आम्ही गुप्तधन काढतो. पोलीस पाटील चार माणसं घेऊन आले. "पिशव्या दाखवा!"

सुनंदाताईंच्या पिशवीतून निघाली पाच लिंबं. सरबताची होती, पण ऐकतं कोण? पाटील लालबुंद! ताईंनी शांतपणे बीपीचं मशीन काढलं, त्यांच्या दंडाला गुंडाळलं आणि म्हणाल्या, "पाटील, धनाचं राहू द्या, आधी मीठ कमी करा."

पुढच्या रविवारी गढीच्या दरवाज्यात बीपी तपासायला रांग होती!

*

अकराव्या रविवारी मी चिडूनच निघालो. आज शेवटचं, असं बायकोला सांगून. सर नेहमीसारखे "पश्चिमेकडं पाहू" म्हणत ताईंना घेऊन गेले. बुरुजामागं आम्ही कधी पाहिलंच नव्हतं, म्हणून मी मधूला मुद्दाम तिकडं नेलं. तिथल्या भिंतीतल्या देवळीला मधू टेकला आणि दगड हलला. मागं डब्बा!

मधू ओरडणार, तेवढ्यात मी वही उघडली. पहिल्या ओळीत अमोलचं नाव. दुसऱ्या ओळीत सरांची सही. तारीख पहिल्या रविवारची.

मला माझ्या चिडण्याची लाज वाटली. मग डब्बा होता तसा ठेवला, दगड लावला. परतताना मधू वाटभर गप्प. सुनंदाताईंनी त्याची नाडी पाहिली!

सातला फोन वाजला.

"बाबा, सापडला का?"

"नाई रे," सर म्हणाले.

"अकरा आठवडे? कसं शक्य आहे! मधूकाका, तुम्हाला तरी दिसला का?"

काकू चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या. सरांनी मान खाली घातली. मी मधूकडं पाहिलं.

मधू फोनजवळ सरकला. "कायचा दिसते बाबू! पुढच्या रविवारी नवी हिंट देजो."