वरच्या अंगाची माती

मी सूड विसरणाऱ्यातली नाही. कोल्हापूरची आहे, चंदीगडला येऊन पाणी बदललं, स्वभाव नाही.

तेल किंवा रसायन सांडलं की जमिनीचं किती नुकसान झालं ते तपासणं हे माझं काम. आमचे एक निवृत्त सर आता कारखान्यांच्या बाजूने सल्ला देत. मागे एका सुनावणीत माझ्या नमुन्यात तेल निघालं, तर ते सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम सकाळी पोहे करून आल्या असतील, हाताचंच तेल असेल." सगळे हसले. तक्रार बारगळली. मी तेव्हापासून त्यांच्यावर दात धरून होते.

मग झिरकपूरच्या पुढे ओढ्यात तेल आलं. काठावर म्हशी पाळणारी एक बाई होती. तिच्या दोन म्हशी ते पाणी पिऊन मेल्या. तेल वरच्या कारखान्याचं आहे हे सिद्ध झालं नाही, तर चौकशी बंद होणार होती आणि उरलेल्या म्हशींनाही तेच पाणी. "मॅडमजी, सच निकलेगा ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, "पक्का." म्हटलं खरं, पण कारखान्याच्या बाजूने समोर पुन्हा सरच होते.

आमची रीत साधी आहे. कारखान्याच्या खालची माती घ्यायची आणि ओढ्याच्या वरच्या अंगाचीही घ्यायची. वरची स्वच्छ निघाली, तर घाण मधल्या कारखान्याची. वरची जागा कारखान्याच्या वतीने सरांनी दाखवली. तिथेही माती तेलकट. "बघा," सर म्हणाले, "तेल वरूनच वाहत येतंय. आमच्या माथी कशाला?"

मी खुरप्याने उकरलं. दोन बोटांखाली माती स्वच्छ, गांडूळ वळवळत होतं. जुनं तेल असतं तर खोल मुरलं असतं. हे कुणीतरी आदल्या दिवशी ओतलं होतं. शहाण्याने बाजारातून दुसऱ्या तेलाचा डबा तरी आणावा! मला वासावरूनच शंका आली, की ओतलंय ते कारखान्याच्याच टाकीतलं.

मी वरची तेलकट माती बरणीत भरली, झाकणावर चिकटपट्टी लावली आणि पेन पुढे केलं. "सर, सही करा. जागा तुम्ही निवडलीत." त्यांनी ऐटीत केली.

प्रत्येक तेलाची ठेवण वेगळी असते, यंत्राला ती कळते. खालची माती, वरची माती आणि कारखान्याची टाकी, तिन्हीकडे एकच तेल निघालं. सुनावणीत मी हळूच विचारलं, "सर, टाकीतलं तेल ओढ्याच्या उलट दिशेने वर चढलं कसं?" या वेळी कुणी हसलं नाही. कारखान्याला टाळं लागलं. सरांना त्यानंतर कुणी बोलावलं नाही.

गणपतीत मराठी मंडळात त्यांच्या बायकोने मला गाठलं. "आपलाच माणूस होता हो. त्या खड्ड्यापाशीच सांगितलं असतंत, तर त्यांनी जागा बदलली असती."

"हो वहिनी," मी म्हटलं, "बदलली असती. म्हणूनच नाही सांगितलं."