चकाकती बाजू खाली

किसनमामा गेल्याचं मामीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी लातूरच्या बाजारात होतो. "सावकाश ये," ती म्हणाली. "त्येनी बी गडबड केली न्हाई." उदगीरजवळच्या त्यांच्या गावी पोचलो तर मामा अजून घरातच होते, पण फाटकावर फ्लेक्स लागला होता. मतदार ओळखपत्रावरचा मामांचा फोटो, दोन्ही बाजूंना कुठलेतरी परदेशी रणगाडे, डोक्यावर पेटलेली विमानं आणि खाली 'शत्रूची तीन विमाने लोळवणारा वाघ'. त्याखाली शोकाकुल नेते, आकारानं मामांपेक्षा मोठे. मामांनी जन्मात एक विमान पाडलं नव्हतं. विमानांना ते घाबरायचे, आणि तसं सांगायचेही.

एकाहत्तरच्या लढाईत ते वाळवंटात रणगाड्यांच्या मागे दारूगोळ्याचा ट्रक चालवत. सोबतीला अर्धापूरचा गंगाधर. वाळूत लपायला झाड नाही. म्हणून ट्रकच्या काचांना चिखल फासायचा, कारण चकाकी दिसली की विमान खाली येतं. एका दुपारी पुढे रणगाडे धडधडत होते, मागे हे दोघे जेवायला बसले, आणि विमान आलं. त्यात गंगाधर गेला. विमान खाली आलं ते गंगाधरच्या ताटावर ऊन पडलं म्हणून की आणखी कशानं, हे मामांना कधी कळलं नाही... पण पुढे त्यांनी अंगणात एकही ताट उताणं ठेवू दिलं नाही. घासलेलं प्रत्येक भांडं पालथं. सत्कारात मिळालेली सन्मानचिन्हंसुद्धा कपाटात भिंतीकडे तोंड करून उभी.

रजा मिळाली तेव्हा ते स्वतःच्या घराआधी अर्धापूरला गेले. केळीच्या बागेत राबणाऱ्या गंगाधरच्या आईनं एकच विचारलं, जेवला होता का? मामांनी सांगितलं, दोन पोळ्या झाल्या होत्या, तिसरी हातात होती. त्यावर तिनं मामांना बसवून जेवायला वाढलं.

मध्यंतरी शेजाऱ्याशी पुन्हा चकमक झाली, टीव्हीवरचे लोक स्टुडिओत बसून शहरं जिंकू लागले, तेव्हा अर्धापूरकडच्या एका समितीला गंगाधर आठवला. स्मारक ठरलं. मशीनगननं विमान टिपताना वीरमरण, असा मजकूरही ठरला. मामा एकमेव साक्षीदार. त्यांनी मंचावर फक्त मान डोलवायची होती. मीच त्यांना घेऊन गेलो. वाटेत शहाणपणा केला, मेलेल्या माणसाची शोभा होतेय तर होऊ द्या म्हटलं. माइक हातात आल्यावर मामा म्हणाले, "गंगाधरपाशी बंदूक नव्हती. पोळी हुती. जेवताना गेला. त्यात कमीपणा वाटत असंल, तर दगडावर कायबी लिहू नगा."

अध्यक्षांनी घाईनं माइक काढून घेतला आणि वयोमानानुसार विस्मरण होतं, असं सभेला समजावलं. मामा मंचावरून हलले नाहीत. "इसरलो न्हाई म्हणूनच आलो," ते बिनमाइकचे बोलले, आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. तेवढ्यात पुढून एक म्हातारी उठली. गंगाधरची बहीण. "आमच्या मायनं मरस्तवर तेवढंच धरून ठिवलं हुतं," ती समितीला म्हणाली. "ते बी काढून घेता का?" टाळ्या वाजल्या नाहीत. मामांना द्यायची शाल टेबलावरच राहिली. दगडावर आज गंगाधरचं नुसतं नाव आहे.

मामांना न्यायच्या आधी मामीनं फाटकावरचा फ्लेक्स उतरवायला सांगितला. लावणारा कार्यकर्ता म्हणाला, साहेब यायचेत काकू, तोवर राहू द्या. "मग तुझ्या सायबालाच सांग धरून उभं राहायला," मामी म्हणाली, आणि विळ्यानं स्वतःच दोऱ्या कापल्या.

परवा पुन्हा गेलो होतो. तो फ्लेक्स कडब्याच्या गंजीवर अंथरलेला दिसला, कडेनं दगड ठेवून. छापील, चकाकती बाजू खाली. जेवण झाल्यावर मी ताट घासलं, अंगणात ठेवलं आणि बोलत बसलो... मामी बोलता बोलता उठली, ताट पालथं केलं, आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करायला परत येऊन बसली.