मेहुण्याच्या हातातला दोर

तूत्तुकुडीच्या किनाऱ्यावर शंखासाठी बुडी मारणाऱ्याचा दोर परक्याच्या हाती देत नसत. तो धरायचा बायकोच्या भावानं. आपल्याच बहिणीला विधवा करायला कोण धजेल?

सवरियप्पन हा असा दोर धरणारा. अंगानं किरकोळ, बोलणं हळू, पण हात! दोराच्या थरथरीवरून खाली कायतान वाळू उकरतोय की नुसताच हट्टाला पेटलाय, हे त्याला होडीत बसून कळे. विंगेत उभ्या प्रॉम्प्टरवर नाटक तरून जातं, टाळ्या मात्र नटाला. इथला नट कायतान, सवरीच्या बहिणीचा नवरा. उंचापुरा, देखणा आणि तोंडाचा फटकळ.

पोराच्या बाप्तिस्म्याच्या जेवणात ताडी चढली आणि कायतान बोलून गेला, "बुडी मारायला छाती लागते. दोर काय, माझी म्हातारीही धरील!"

सवरी भरल्या पानावरून उठला. बहिणीकडे जेवणं संपलं, दाजींशी बोलणं संपलं. पहाटे होडीवर मात्र तो हजर. कायतानच्या कमरेची गाठ स्वतः बांधायचा, ओढून बघायचा आणि तोंड फिरवायचा.

"अण्णा," त्याची बहीण रोसम्मा काकुळतीला आली, "ते हल्ली फार वेळ खाली थांबतात. तुला दाखवायलाच. एक शब्द बोल ना रे!"

"शब्द नाही. दोर आहे," सवरी म्हणाला.

एका सकाळी तो दोर ताणला, थरथरला आणि एकाएकी सैल पडला. वर ओढण्याचा इशारा आलाच नव्हता. सवरीनं वाट पाहिली नाही. पाय रोवून त्यानं असा काही ओढला की तळहात सोलून निघाले.

कायतान वर आला तो निळा पडलेला, नाकातून रक्त. होडीत आडवा पडून खोकला, ओकला आणि श्वास मिळताच ओरडला, "कुणी सांगितलं ओढायला? उजव्या वळणाचा शंख होता! पिढीत एखाद्याला गावतो! बोटं टेकली होती माझी!"

सवरीचं मौन फुटलं. "तुमच्याच मयतापुढं फुंकायला आणत होता काय, दाजी? आणि फुंकायचा कुणी? मी?"

"मी इशारा दिला नव्हता!"

"द्यायला शुद्धीवर होता? दोर मेला होता माझ्या हातात!"

कायतानची नजर त्या सोललेल्या हातांवर गेली. तो पुटपुटला, "म्हातारीला नसतं जमलं हे, मेव्हणं."

"जमलं असतं की. तुमचा स्वभाव ठाऊक आहे तिला. खालीच ठेवलं असतं."

कायतान रक्ताळल्या तोंडानं हसला. मग शंख नेमका कुठल्या खडकापाशी होता, यावरून दोघांची जुंपली ती किनारा येईपर्यंत.

"रोसम्मा, धाव गं!" शेजारीण ओरडली. "तुझा नवरा नि भाऊ भांडतायत!"

वाऱ्यावरून येणारे ते दोन आवाज रोसम्मानं डोळे मिटून ऐकले.

"भांडू दे," ती म्हणाली, आणि भावाच्या वाटणीचा भात चुलीवर चढवायला घराकडे पळाली.